बाळी की घड?



आजचं वाचन : योहान १५:१-८
सोबत वाचा : यहेज्केल १५:१-५

या उताऱ्याचं चित्र संडे स्कूलमध्ये आपण सगळ्यांनीच काढलंय. एक जाड खोड, त्याला फाटे, फाट्यांना जांभळे घड. खोडावर ‘येशू’ लिहायचं आणि फाट्यांवर आपापली नावं. पुढे मी इंजिनिअर झालो, नोकरीला लागलो, युवक सभेत या उताऱ्यावर दोन-तीनदा बोललोसुद्धा. पण द्राक्षवेलीबद्दलचं माझं ज्ञान त्या चित्राच्या पुढे गेलं नव्हतं. जाणार तरी कसं? आमच्या बल्लारपूरला द्राक्षाच्या बागा नाहीत. इथे साग आहे, बांबू आहे, कोळसा आहे आणि भट्टीसारखा उन्हाळा आहे. द्राक्षं येतात ती नाशिक-सांगलीकडून, पेटीत बसून.

तरी आमच्या अंगणात एक द्राक्षवेल आहे. सात वर्षांपूर्वी बाबा नाशिकहून येताना रोप घेऊन आले. लोखंडी पाइपचा मांडव केला, वेल वर चढवली. वेल अशी पसरली की अख्खं अंगण झाकलं गेलं. पाहुणे आले की म्हणायचे, “वा, काय वेल आहे!” आणि लगेच पुढचा प्रश्न, “द्राक्षं लागतात का?” बाबा हसून म्हणायचे, “लागतील.” सात वर्षांत एकही घड लागला नाही.

मागच्या वर्षी जानेवारीत बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि पाय गेला, बोलणं जड झालं. मी पुण्याहून घरी आलो. ऑफिसने घरून काम करायची परवानगी दिली, त्याबद्दल मी आभारीच आहे. पण ज्या जागेसाठी मी तीन वर्षं झटत होतो, ती टीम लीडची जागा दुसऱ्याला मिळाली. कारण सरळ होतं, मी तिथे नव्हतो. तोंडाने मी “प्रभूची इच्छा” म्हटलं. आतून मात्र कुढत होतो.

एके दिवशी मांडवाखाली बसून मीटिंग करत होतो. माझ्या टीममधला एक मित्र निफाडकडचा आहे, घरची द्राक्षबाग. मीटिंग संपल्यावर त्याने विचारलं, “भाऊ, तुझ्या मागे ते जंगल कसलं आहे?”

“द्राक्षवेल आहे.”

“फळ?”

“नाही.”

“छाटणी कधी घेतली होती?”

“कधीच नाही.”

तो कपाळावर हात मारून हसायला लागला. त्या दिवसापासून आमची शिकवणी सुरू झाली. आजचं मनन त्या शिकवणीतून आलेलं आहे. वेलीचा एकेक भाग पाहू, तो काय काम करतो ते समजून घेऊ, आणि मग आपल्या प्रभूने त्या रात्री शिष्यांना नेमकं काय सांगितलं ते पुन्हा वाचू.

१. मूळ आणि खुंट

मुळं दोन तऱ्हेची असतात. जाड, तपकिरी मुळं वेलीला धरून ठेवतात आणि अन्न साठवतात. त्यांच्या टोकांना असतात बारीक पांढरी मुळं. पाणी आणि जमिनीतलं खत खरं तर हीच उचलतात. नाशिकचा शेतकरी बागेत आला की फक्त वर बघत नाही. मातीचा बोध थोडा उकरून ‘पांढरी मुळी’ चालू आहे का तेही बघतो. पांढरी मुळी थांबली की वरची पानं काही दिवस हिरवी दिसतात, पण आतून काम थांबलेलं असतं.

दुसरी गोष्ट मला नवीन होती. महाराष्ट्रातल्या बहुतेक बागांत जमिनीखाली एक जात असते आणि वर दुसरी. खाली डॉगरिजसारखा रानटी जातीचा खुंट, जो खारट पाणी आणि दुष्काळ सोसतो. त्याच्यावर थॉम्पसन सीडलेस किंवा दुसऱ्या गोड जातीचं कलम. युरोपात १८६० नंतर फायलोक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाऊन बागाच्या बागा मारल्या, तेव्हा तिथली द्राक्षशेतीसुद्धा अमेरिकन खुंटांवर कलमं करूनच वाचली. कलमाच्या काडीला स्वतःचं मूळ नसतं. ती जगते ती दुसऱ्याच्या मुळावर. सांधा पक्का बसला तर पाणी वर चढतं. नाहीतर बांधलेली पट्टी कितीही छान दिसो, काडी वाळते.

आपणही कलम केलेले लोक आहोत. पौल रोमकरांस पत्राच्या ११ व्या अध्यायात हेच चित्र जैतुनाच्या झाडावरून दाखवतो. आपण मुळाला आधार देत नाही, मूळ आपल्याला आधार देतं. मी घरी आलो तेव्हा माझी पानं हिरवीच होती. रविवारी चर्च, बुधवारी प्रार्थना सभा, इथलं रोजचं लिखाण, सगळं सुरू होतं. पांढरी मुळी मात्र बंद पडली होती. पहाटेची प्रार्थना मी तीन महिन्यांपासून सोडली होती आणि कोणालाच कळलं नव्हतं.

२. खोड

खोडाचं मुख्य काम वाहतुकीचं. आतल्या लाकडातून पाणी वर चढतं आणि सालीखालच्या थरातून पानांनी बनवलेली साखर खाली उतरते. एकाच खोडात दोन रस्ते, दोन दिशा. म्हणून बागायतदार मण्यांची फुगवण व्हावी म्हणून कधी कधी खोडाच्या सालीची अगदी बारीक वर्तुळाकार पट्टी काढतात. याला गर्डलिंग म्हणतात. लाकूड शाबूत असतं, त्यामुळे पाणी वर जात राहतं. साखर मात्र काही दिवस खाली उतरू शकत नाही आणि घडांकडे वळते. जखम भरली की रस्ता पुन्हा सुरू.

खोडाला घड लागत नाहीत. घड लागतात फाट्यांना. हे वाचून थांबा जरा. प्रभू स्वतःला वेल म्हणतो आणि आपल्याला फाटे. म्हणजे त्याने आपलं फळ आपल्यासारख्यांच्या अंगावर दिसावं असं ठरवलं आहे. केवढा हा विश्वास!

३. ओलांडा आणि काडी

खोड मांडवापर्यंत गेलं की त्याचे दोन हात तारेवर आडवे पसरवतात. त्यांना ओलांडे म्हणतात. ओलांडा वर्षानुवर्षं राहतो. त्याच्यावर दर हंगामात ज्या कोवळ्या फुटी येतात त्या पिकून तपकिरी झाल्या की त्यांना काडी म्हणतात. मराठी पवित्र शास्त्रातला ‘फाटा’ म्हणजे हीच काडी. घड तिच्यावरच येतो.

यहूदिया प्रांतात हिवाळ्यात वेल झोपते, पानं गळतात, आणि त्या झोपेत छाटणी होते. आपल्या महाराष्ट्रात तशी थंडी नाही. वेल झोपतच नाही. म्हणून आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या आणि पीक एक. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी: जुन्या काड्या जवळजवळ ओलांड्यापर्यंत कापून टाकायच्या. ऑक्टोबरच्या सुमारास फळ छाटणी, जिला गोडी छाटणी पण म्हणतात: पिकलेल्या काडीचे ठरावीक डोळे ठेवून बाकीचं कापायचं. त्यानंतर साधारण चार महिन्यांनी द्राक्षं तयार.

मित्र म्हणाला, “एप्रिल आलाच आहे. खरड छाटणी घे.”

आता गंमत बघा. एप्रिलमध्ये बल्लारपूरला पारा सहज ४३-४४ वर असतो. त्या दिवसांत आमच्या अंगणात एकच थंड जागा, ती या वेलीखालची. बाबांची खुर्ची तिथेच असायची. मी सिकेटर घेऊन उभा राहिलो तेव्हा बाबा अडखळत म्हणाले, “कायले कापतं रे? सावली तं देते ना ते.”

मी थांबलो. बाबांचं चूक नव्हतं. सावलीसुद्धा चांगलीच गोष्ट आहे. सात वर्षं ती वेल आम्हाला काहीच देत नव्हती असं नाही. पण वेल सावलीसाठी लावलेली नव्हती. सावलीसाठी कडुनिंब पुरला असता.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी बाबांना हा १५ वा अध्याय वाचून दाखवला, वेलीखालीच बसून. वाचन संपल्यावर ते बराच वेळ वर बघत होते. मग म्हणाले, “काप मंग.”

मी कापली. सगळं अंगण उघडं पडलं. आई बाहेर आली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली. प्रत्येक कापलेल्या टोकातून पाण्याचे थेंब पडत होते. दुसऱ्या दिवशी बाबांच्या खुर्चीपुरती हिरवी नेट बांधली. वेलीवर नेट टाकू नको असं मित्राने बजावलं होतं. का, ते पुढे येईलच.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. बाबांचा झटका ही देवाची छाटणी होती असं मी म्हणणार नाही. कोणी आजारी पडलं की “प्रभू छाटतोय” म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण योहान १५ असं म्हणत नाही. दुसऱ्या वचनात छाटण्यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, त्याच मुळातला शब्द तिसऱ्या वचनात ‘शुद्ध’ या अर्थाने येतो, आणि ते शुद्ध होणं प्रभूने सांगितलेल्या वचनामुळे झालं असं तिथे आहे. म्हणजे माळ्याच्या हातातलं हत्यार हे त्याचं वचन आहे. बाबांचं आजारपण हे आजारपण होतं. त्या दिवसांत वचनाने माझ्यातलं काय कापलं, ती छाटणी.

४. पान

पान म्हणजे वेलीचं स्वयंपाकघर. सूर्यप्रकाश, हवा आणि मुळाकडून आलेलं पाणी घेऊन ते साखर बनवतं. एक घड नीट पोसायला साधारण दहा ते पंधरा चांगली पानं लागतात. तेव्हा पान वाईट नव्हे, पान हवंच. पण पानांवर पानं चढली की आतली पानं सावलीत जातात. सावलीतलं पान स्वतःपुरतंही धड कमवत नाही. शिवाय हवा खेळत नाही, ओल टिकते, आणि केवडा, भुरी, करपा असे रोग येतात. म्हणून शेतकरी बगलफुटी काढतो, शेंडा मारतो, गर्दी कमी करतो.

आमची वेल सात वर्षं हेच करत होती. पानं, आणखी पानं. लांबून बघणाऱ्याला ती सगळ्यात ‘यशस्वी’ वेल वाटायची. माझी स्थितीही तीच. कॅलेंडर भरलेलं, मेसेजना लगेच उत्तर, चर्चच्या तीन समित्यांवर नाव. “किती करतोस रे!” असं लोक म्हणायचे आणि मला बरं वाटायचं.

५. डोळा

काडीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. बाहेरून साधा फुगीर ठिपका. आत मात्र एक मुख्य कळी आणि तिच्या शेजारी दोन राखीव कळ्या असतात. मुख्य कळी मेली तर राखीवातली फुटते. (देवाची बॅकअप व्यवस्था, असं मी मित्राला म्हटलं. तो म्हणाला, “तुला सगळीकडे सर्व्हरच दिसतात.”)

आता आजच्या मननातला सर्वात महत्त्वाचा मुद्दा. फेब्रुवारीत जो घड आपण खातो, तो कधी तयार होतो? मला वाटायचं, ऑक्टोबरनंतर. नाही. तो ठरतो खरड छाटणीनंतरच्या उन्हाळ्यात. छाटणी झाली, नवीन फूट आली, की साधारण चाळीस ते साठ दिवसांच्या काळात त्या फुटीच्या डोळ्यांच्या आत सूक्ष्म घड तयार होतात. बाहेरून काहीच दिसत नाही. बागेत फळाचं नावनिशाण नसतं. पण पुढच्या हंगामात किती घड येणार ते त्या दिवसांत ठरलेलं असतं. ऑक्टोबरची छाटणी घड बनवत नाही, आत असलेल्या घडाला बाहेर यायला वाट देते. म्हणूनच फळ छाटणीच्या आधी बागायतदार काड्या प्रयोगशाळेत नेऊन काडी तपासणी करतात. डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, कितव्या डोळ्यात घड आहे, आणि त्या हिशोबाने कुठे कापायचं ते ठरवतात.

त्या घडनिर्मितीसाठी लागतो ऊन. डोळ्यावर, काडीवर पडणारा सरळ प्रकाश. म्हणून वेलीवर नेट टाकायची नव्हती. आमच्या वेलीला सात वर्षं ऊन मिळालं होतं ते फक्त वरच्या पानांना. डोळे कायम अंधारात.

तर प्रिय वाचकहो, ज्या महिन्यांत काहीच फळ दिसत नाही ते महिने वाया गेले असं समजू नका. प्रश्न एवढाच, त्या दिवसांत आपल्या डोळ्यांवर ऊन पडतंय का?

६. बाळी आणि घड

बाळी म्हणजे वेलीचा तो कुरळा दोरा, जो सापडेल त्याला विळखा घालतो. आपल्या भागात कुंडीत कांडवेल लावलेली असते, काही जण तिला हाडजोडी म्हणतात. ती द्राक्षाच्याच कुळातली. तिलाही अशाच बाळ्या येतात, बघा कधी.

बाळीचं काम पकडण्याचं. जंगलातल्या वेलीला उभं राहायला लाकडाची ताकद नसते, ती बाळ्यांनी झाडं पकडत उजेडाकडे चढते. पण बागेतल्या वेलीला मांडव आहे, तार आहे, बांधणारा माळी आहे. तिथे बाळी उगाच अन्न खाते. आमच्याकडे एका बाळीने कपडे वाळत घालायची तार पकडली होती, दुसरीने शेजारच्याच कोवळ्या काडीला इतका घट्ट विळखा घातला होता की ती काडी तिथे दबून गेली होती. दोघी एकाच वेलीच्या!

आणि आता मित्राने सांगितलेली गोष्ट, जी ऐकून मी त्या रात्री नीट झोपलो नाही. बाळी आणि घड हे मुळात एकच आहेत. दोघंही पानाच्या समोरच्या बाजूला, एकाच जागी येतात. डोळ्याच्या आत जो सूक्ष्म अंकुर सुरुवातीला तयार होतो तो दोन्ही होऊ शकतो. ऊन मिळालं, अन्नसाठा चांगला असला, तर त्याचा घड होतो. सावली, ढगाळ हवा, नत्र आणि पाणी जास्त होऊन नुसती शाकीय वाढ झाली, तर तोच अंकुर बाळी होऊन बसतो. कधी कधी बागेत अर्धवट नमुनाही दिसतो, बाळीच आहे पण तिला चार मणी लागलेत.

तीच वेल, तोच रस, तीच जागा. एक स्वतःसाठी पकडतं, दुसरं दुसऱ्याला खाऊ घालतं.

हे ऐकलं त्या दिवशी सकाळी असं झालं होतं. साडेनऊची मीटिंग सुरू होती. बाबांना बाथरूमला जायचं होतं. आई बाजारात. त्यांनी दोनदा हाक मारली, मी हाताने ‘थांबा’ केलं. तिसऱ्यांदा हाक आली तेव्हा मी माइक बंद करून ओरडलो, “बाबा, दोन मिनिटं थांबता येत नाही का?” त्या मीटिंगमध्ये मला बोलायचंही नव्हतं. मी फक्त दिसत राहायचा प्रयत्न करत होतो, गेलेली जागा परत मिळेल म्हणून. दोन मिनिटांनी गेलो तोवर उशीर झाला होता. बाबा काही बोलले नाहीत. मी त्यांचे कपडे बदलले. ते भिंतीकडे बघत राहिले.

त्यांना काही हवं आहे म्हणून मला त्यांचा राग येत होता. माझं दुःख आधी मोजलं जावं असं वाटत होतं. बाळी अशीच असते, जे जवळ असेल त्याला विळखा. माझ्या सर्वात जवळ बाबा होते.

संध्याकाळी त्यांच्या पायाला तेल लावताना मी माफी मागितली. डावा हात माझ्या डोक्यावर ठेवून ते म्हणाले, “जाऊ दे ना.” तेवढंच.

फळ म्हणजे काय यावर पुष्कळ प्रवचनं आहेत. गलतीकरांस पत्राच्या ५ व्या अध्यायात पौल आत्म्याचं फळ सांगतो, त्यात सहनशीलता आहे, ममता आहे, सौम्यता आहे. पद नाही, आकडे नाहीत. आणि कोणतीही काडी स्वतःचा घड स्वतः खात नाही. माझ्या बाबतीत फळ म्हणजे दुसऱ्या हाकेला उठणं एवढं साधं होतं.

७. लाकूड

आता यहेज्केल १५ कडे या. संदेष्टा विचारतो, द्राक्षाच्या लाकडाचं काय होतं? त्याची भांडी अडकवायची खुंटीसुद्धा होत नाही. जळणाला जातं.

आम्हा बल्लारपूरकरांना हा अध्याय पटकन कळायला हवा. आमचं गाव लाकडाचं गाव आहे. इथल्या डेपोत सागाचे लठ्ठे रचलेले असतात, त्यांची दारं, तुळया, पलंग होतात. बांबूचा इथे कागद होत आलाय. साग मेल्यावरही किमतीचा. द्राक्षाचं लाकूड मात्र वेडंवाकडं आणि बारीक. त्याची किंमत एकाच गोष्टीत, जिवंत वेलीला लागून राहून फळ देण्यात.

मी स्वतःला साग समजत होतो. डिग्री, अनुभव, पगार, यांची काहीतरी किंमत येईलच, कुठेही ठेवा. योहान १५ मध्ये ४ ते १० या सात वचनांत ‘राहणे’ या अर्थाचा ग्रीक शब्द दहा वेळा येतो. फळ काढा अशी आज्ञा त्यात नाही. राहा, एवढंच पुन्हा पुन्हा. फाट्याने दात-ओठ खाऊन घड काढायचा नसतो. लागून राहायचं, ऊन घ्यायचं, माळ्याचा हात लागला तर मागे सरायचं नाही.

मग द्राक्षं लागली का?

ऑक्टोबरात मित्राने व्हिडिओवर सांगितलं तसं प्रत्येक काडीवर ठरावीक डोळे ठेवून छाटणी घेतली. महिन्याभरात फुटी आल्या. बहुतेकांवर बाळ्याच होत्या. पण नऊ काड्यांवर, पानाच्या समोर, हिरव्या मोहरीसारख्या कणांचे छोटे झुपके होते. मी खुर्ची सरकवून बाबांना खालून दाखवले.

नऊपैकी दोन रोगाने गेले, दोन बुलबुलांनी खाल्ले. फेब्रुवारीच्या शेवटी पाच घड उरले. मणी बारीक, नाशिकच्या पेटीतल्यांपुढे काहीच नाहीत. बाबांना गिळायला त्रास होतो म्हणून आईने चार मणी सोलून, चिरून चमच्याने दिले. बाबांनी तोंड वाकडं केलं. “आंबट हायेत,” म्हणाले आणि दुसरा चमचा मागितला.

टीम लीडची जागा मला अजून मिळालेली नाही. बाबांचा उजवा हात अजून उचलत नाही. काही सकाळी मी अजूनही चिडतो. मांडवावर बाळ्या अजूनही घडांपेक्षा जास्त आहेत. पण मीटिंग सकाळी साडेनऊऐवजी अकराला घ्यावी अशी मी विनंती केली, आणि ती मान्य झाली. इतके दिवस मी विचारलंच नव्हतं. आणि पहाटेचा अर्धा तास पुन्हा सुरू आहे, बाबांच्या खुर्चीशेजारी, आम्ही दोघं. एप्रिल पुन्हा जवळ आलाय. या वेळी बाबांनीच आठवण केली, “सिकेटरले धार लावून आण.”

आज स्वतःला विचारा

१. माझी पांढरी मुळी चालू आहे का, की फक्त पानं हिरवी आहेत?
२. सध्या मी कशाला विळखा घालून बसलोय? आणि त्यात जवळचं कोण दबतंय?
३. आज कोणाच्या दुसऱ्या हाकेला मला उठायचं आहे?

प्रार्थना

प्रभू येशू, तू खरी वेल आहेस, आणि आमचा स्वर्गीय पिता माळी आहे. आमच्यात जे नुसतं पसरलंय ते तुझ्या वचनाने काप. जिथे अंधार आहे तिथे तुझा प्रकाश पडू दे. आमचे हात जे पकडून बसलेत ते सोडव, आणि आमच्या घरातल्या आजारी, थकलेल्या, वाट पाहणाऱ्या माणसांना आमच्याकडून काहीतरी गोड मिळू दे. आंबट असलं तरी निदान मिळू दे. ज्यांच्या आयुष्यात आज फळ दिसत नाही त्यांना धीर दे. तुझ्या नावाने मागतो, आमेन.

प्रभू तुम्हाला आशीर्वादित करो. उद्या पुन्हा भेटू.